ग्वाल्हेर किल्ल्याची पायी चढण आणि 'शून्याचं देऊळ': फेरी करावी का, कशी करावी

ग्वाल्हेरला पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायची रीत ठरलेली आहे. पश्चिमेच्या उरवाई बाजूने गाडी थेट वर, मानमंदिर महाल, सास-बहू, तेली मंदिर, तटावरून शहराचा फोटो, आणि जेवायच्या वेळेला शहराच्या लष्कर भागात परत. या फेऱ्यात चतुर्भुज मंदिर, म्हणजेच 'शून्याचं देऊळ', येतच नाही. ते वर नाही, वाटेत आहे. आणि ज्या वाटेत आहे तिथे गाड्या जात नाहीत. पूर्वेच्या किला गेटकडून पायी चढलं, तर गणेश दरवाजा ओलांडल्यावर आणि लक्ष्मण दरवाजाच्या आधी, डोंगराच्या अंगाला ते दिसतं. बारा फूट लांब, बारा फूट रुंद. वाटेने नुसतं चालत राहिलं तर नजरेतून सुटू शकतं.

पहिल्यांदाच सांगून टाकतो: ज्याला दगड, लेख, जुने व्यवहार यांत थोडीही गोडी आहे त्याने वरची एखादी वास्तू सोडावी, पण हे देऊळ सोडू नये. ज्याला फक्त 'जगातलं पहिलं शून्य' अशा पाटीसमोर उभं राहून फोटो काढायचा आहे, त्याची मात्र निराशा होण्याचा संभव जास्त. कारण इथल्या शिलालेखात कोरलेलं ते शून्य बोटाच्या पेराएवढंही नाही आणि ते स्वतःहून डोळ्यांत भरत नाही.

आधी वास्तू. हे देऊळ बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. किल्ल्याचा डोंगर वालुकाश्माचा; त्याच्याच अंगातून गाभारा, पुढचा चार खांबांचा मंडप आणि वरचं शिखर असं सगळं एका दगडातून काढलेलं. वेरूळचं कैलास ज्याने पाहिलंय त्याला पद्धत लगेच कळेल: काम वरून खाली. आधी शिखर मोकळं करायचं, मग छप्पर, मग खांब, आणि जमीन सगळ्यात शेवटी. बांधकामात एखादा चिरा चुकला तर काढून दुसरा बसवता येतो. इथे खांब एक बोट जास्त कोरला गेला की तो तसाच राहतो. त्यामुळे कारागिराला पहिल्या दिवशीच शेवटच्या दिवसाची मापं पक्की ठाऊक असावी लागतात. कैलासाच्या मानाने हे बाळ आहे, पण बारकावा तोच.

अखंड दगड आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे थर. वालुकाश्मात रंगाच्या फिकट-गडद आडव्या रेघा असतात. नजर खांबावरून भिंतीकडे आणि भिंतीवरून डोंगराकडे न्या. रेघा त्याच पातळीवर पुढे चालत राहिल्या, तर तो एकच दगड. जिथे रेघ तुटते, चिऱ्यांचे उभे-आडवे सांधे दिसतात किंवा दगडाचा पोत बदलतो, तिथे नंतरची डागडुजी समजायची. शिखराची बरीच पडझड झालेली होती आणि आज दिसणारं त्याचं रूप पुष्कळसं दुरुस्तीनंतरचं आहे. म्हणून नवव्या शतकातलं नागर, म्हणजे उत्तरेकडच्या शैलीचं, शिखर कसं असतं ते इथे शिकायला जाऊ नका. खालचा भाग जास्त भरवशाचा.

खांबांवर पद्मासनात बसलेल्या ध्यानस्थ आकृती आहेत, जोडपी आहेत. गाभाऱ्याच्या दारावर गंगा आणि यमुना. या दोघी उत्तरेकडच्या जुन्या देवळांत दाराच्या दोन बाजूंना असायच्याच: मकरावर गंगा, कासवावर यमुना. चेहरे झिजलेत, म्हणून पायांखालचं वाहन आधी शोधायचं. ओळख तिथून पटते. मंडपाच्या बाजूला खांबांची आणखी एक मोकळी पडवी आहे. चढून दमलेले लोक तिथे टेकतात, आणि देवळाचं ठिकाण पाहता जुन्या काळीही टेकत असणार.

आता लेख. इथे दोन आहेत, आणि बहुतेक गाईड ते एकत्र करून सांगतात. पहिला विक्रम संवत् 932 चा, संस्कृत श्लोकांत. तो देऊळ कुणी बांधलं ते सांगतो. दुसरा संवत् 933 चा, म्हणजे इ.स. 876. तो देवळांना काय काय दिलं त्याची नोंद आहे. शून्याची जी कीर्ती आहे ती या दुसऱ्या लेखाची.

बांधणाऱ्याचं नाव अल्ल. नाव वाचून दचकायचं कारण नाही. गुर्जर-प्रतीहार राजा मिहिर भोजाने या किल्ल्यावर नेमलेला हा कोट्टपाल, म्हणजे आपल्या भाषेत किल्लेदार. याच भोजाचं बिरुद आदिवराह. अल्लचे वडील वाइल्लभट्ट हेही भोजाच्या वडिलांच्या, रामभद्राच्या, सेवेत होते. घराणं मूळचं लाट देशातल्या आनंदपूरचं, म्हणजे आजच्या गुजरातेतलं वडनगर. अल्लने विष्णूचं हे देऊळ कोरवून घेतलं आणि वडिलांच्या नावावरून त्याला वाइल्लभट्टस्वामी असं नाव दिलं. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात आलेलं घराणं, दुसऱ्या पिढीत इथेच स्थिरावलेलं, वडिलांच्या नावाने देऊळ बांधणारं: लष्करातल्या मराठी घरांना ही गोष्ट नवी वाटू नये.

दुसऱ्या लेखात गंमत आहे, आणि ती शून्यापेक्षा मोठी आहे. अल्लने वृश्चिकाला नावाच्या नदीपलीकडे नवदुर्गेचं आणखी एक देऊळ बांधलं होतं. त्याच्या फुलबागेसाठी चूडापल्लिका नावाच्या गावातली जमीन दिली. देणारा राजा नाही, किल्लेदारही नाही. 'सगळं नगर' देतंय. जमीन किती? लांबी 270 हात, रुंदी 187 हात. हातही साधा नाही, 'पारमेश्वरीय' हात, म्हणजे सरकारी माप. साधा दीड फुटाचा हात धरून हिशेब केला तरी 405 फूट बाय 280 फूट होतात. गुंठ्यांत सांगायचं तर 104 च्या आसपास, अडीच एकरांहून थोडी जास्त. सरकारी हात जरा मोठा असेल तर आकडा आणखी वाढेल. देवाच्या फुलांसाठी अडीच एकर हे दान लहान नाही.

पुढे तेल्यांचं कलम. दर घाण्यामागे पळीभर तेल, दर महिन्याच्या शुद्ध नवमीला, देवाच्या दिव्यासाठी. नवदुर्गेला नवमी, हे जुळतंच. त्यानंतर माळ्यांचं: रोज पन्नास माळा, ज्या त्या हंगामात बाजारात जी फुलं असतील त्यांच्या. 'जी असतील त्यांच्या' हे शब्द ज्याने लिहून घेतले त्याला व्यवहार कळत होता. नुसतं 'जाईच्या माळा' लिहिलं असतं तर वैशाखात माळी हात वर करून मोकळा झाला असता. पन्नास माळा रोज म्हणजे वर्षाला सव्वाअठरा हजार. कुणी, किती, कधी आणि नसेल तर काय, हे चारही प्रश्न मिटवूनच दगडावर छिन्नी चाललेली आहे.

गाईड बहुधा असं सांगतात, की '270 बाय 187 च्या बागेतून रोज 50 माळा निघत.' ते चूक आहे. बाग वेगळ्या कलमात, माळा वेगळ्या कलमात. बाग नगराने दिलेली, माळा माळ्यांच्या जिम्म्याला. आणि तेल्यांचा उल्लेख आला की वरच्या तेली मंदिराकडे बोट जातं. त्या नावाचा या कलमाशी संबंध जोडायला लेखात काहीही आधार नाही. ऐकावं आणि सोडून द्यावं.

मग शून्य कुठे? 270 च्या शेवटी एक, 50 च्या शेवटी एक. एवढंच. लहानसं वर्तुळ, शेजारच्या आकड्यांपेक्षा उंचीने बरंच कमी, जणू ओळीत जागा उरली म्हणून बसवलेलं. गंमत अशी की बाकीचे आकडे देवनागरी येणाऱ्या माणसाला ओळखू येतात. 2 आणि 7 आपल्याच वळणाचे. तमिळनाडूतून किंवा युरोपातून आलेल्या पाहुण्याला ते दाखवावे लागतात, आपल्याला एकदा ओळ सापडली की पुरतं. अक्षरं मात्र जुन्या वळणाची आहेत; ती सरळ वाचता येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

याचं महत्त्व कळायला नाणेघाट आठवावा. तिथल्या सातवाहन लेखातही दानाची यादीच आहे: यज्ञ, गाई, कार्षापण नाणी. आकडेही भरपूर. पण तिथे दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्याची गरजच नाही. चतुर्भुजच्या लेखात तोच दोन आणि तोच सात, फक्त जागेवरून दोनशे आणि सत्तर होतात, आणि रिकामी जागा वर्तुळ सांभाळतं. शिवाय हे गणिताच्या पोथीत नाही, माळ्या-तेल्यांच्या करारात आहे. म्हणजे 876 पर्यंत ही पद्धत बाजारात रुळलेली होती. शून्य 'शोधलं' गेलं ते इथे नव्हे. इथे ते वापरून वापरून जुनं झालेलं दिसतं.

'जगातलं सर्वांत जुनं' हा दावा कुणी केला तर पटवून घेऊ नका. कंबोडियातल्या सांबोरच्या शिलालेखात शक 605, म्हणजे इ.स. 683, असं साल आहे आणि त्यातलं शून्य ठिपक्याच्या रूपात आहे. ग्वाल्हेरचं त्याहून 193 वर्षांनी लहान. ज्याची तारीख लेखातच आहे असं, भारतातल्या दगडावरचं वर्तुळाकार शून्य पाहायचं, तर मात्र हेच. तेवढी प्रतिष्ठा पुरेशी आहे, फुगवायची गरज नाही.

आता कामाचं. ऑटोवाल्याला 'चतुर्भुज मंदिर' सांगितलं तर तो तुम्हाला भलत्याच देवळात नेईल. 'किला गेट' म्हणा. हजिरा वस्तीकडची बाजू, तानसेनची कबर आणि मोहम्मद गौसचा मकबरा याच अंगाला. पायथ्याचा पहिला दरवाजा आलमगिरी, पुढे हिंडोला म्हणजे बादलगढ, मग गणेश, मग देऊळ, मग लक्ष्मण, आणि सर्वांत वर मानमंदिराला चिकटलेला हाथी पोल. दरवाजे मोजत गेलात तर चुकणार नाही. सावकाश चढलं तरी देवळापर्यंत पंधरा-वीस मिनिटं.

चढण फरसबंद आहे, पण दगड पायांनी गुळगुळीत झालेत. चामडी तळाच्या चपला नकोत. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, आणि घसरायला होतं ते चढताना नव्हे, उतरताना. म्हणून वयस्कर मंडळी बरोबर असतील तर इथून चढवा आणि वरून उरवाई बाजूने गाडीने उतरवा; उलटा क्रम गुडघ्यांना महाग पडतो. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा साडेआठच्या आत देवळाशी पोचायचं, नाहीतर हिवाळ्याची वाट पाहायची. ही पूर्वेची बाजू, सकाळी ऊन अंगावर येतं आणि दुपारनंतर डोंगराची सावली पडते. बाहेरचं कोरीव काम पाहायला सकाळ चांगली, चढायला संध्याकाळ. दोन्ही एकदम मिळत नाही.

गाभाऱ्याला जाळीचं दार आहे आणि कुलूप असू शकतं. राखणदार जवळपास असला तर उघडून देतो. घाई केली की तो 'वो देखो, वहाँ' म्हणून बाहेरूनच दाखवतो. शांतपणे विचारावं, चपला काढाव्यात, आत जावं. आत मूर्तीसमोर दिवा-फूल असतं, तेव्हा हे 'नुसतं स्मारक' धरून वागू नये.

लेख पाहायला टॉर्च लागतोच, आणि तो धरायची एक रीत आहे. समोरून उजेड टाकला की खोदलेलं अक्षर आणि सपाट दगड दोन्ही सारखेच उजळतात आणि काहीच दिसत नाही. मोबाइलच्या फ्लॅशचे फोटो पांढरेफटक येतात ते याचमुळे. टॉर्च भिंतीच्या जवळजवळ समांतर धरायचा, एका बाजूने, भिंतीपासून वीतभर अंतरावर. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी वर उठून येतात. मग टॉर्च डावीकडून उजवीकडे हळू सरकवत 270 शोधायचं. एकाने टॉर्च धरावा, दुसऱ्याने फोटो काढावा. एकट्याचं हे काम नाही. शून्याचा एखादा स्पष्ट फोटो आधीच मोबाइलमध्ये ठेवला तर शोधायला दोन मिनिटं लागतात, नाहीतर वीस.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, ओलं बोट यांपैकी काहीही लावायचं नाही. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना धरून बसलेले. त्यात पाणी आणि मीठ शिरतं, वाळताना मिठाचे कण फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. बोट फिरवलं की सुटलेला पापुद्रा हातात येतो, त्याच्याबरोबर अक्षरही. डोंगरात कोरलेल्या देवळाला हा त्रास बांधलेल्यापेक्षा जास्त, कारण मागे पाया नाही, अख्खा डोंगर आहे; पाऊस मुरला की थरांच्या सांध्यातून ओल आतल्या भिंतीपर्यंत येते. जुन्या देवळांत सिमेंटचे ठिगळ दिसले की त्याच्या कडेचा दगड बघा. सिमेंट दगडापेक्षा कठीण, ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती कडेच्या दगडातून वाट काढते आणि तोच झडतो. चुन्याचा गिलावा असता तर झडला असता तो चुना, आणि तो पुन्हा लावता आला असता.

गाईड घ्यावा का? या देवळापुरता नको. बहुतेक गाईड वर मानमंदिरापाशी गिऱ्हाईक गाठतात आणि खाली यायला नाखूष असतात. आलेच तर 'जीरो यहीं पैदा हुआ' यापुढे जात नाहीत. मानमंदिराच्या तळघरांसाठी मात्र घ्यावा, तिथे वाट दाखवणारा लागतो. ठरवताना दोन प्रश्न विचारायचे: इथे लेख किती आहेत, आणि जमीन कुणी दिली? 'दोन' आणि 'नगराने' अशी उत्तरं आली तर त्याला खुशाल खालपर्यंत आणावं आणि जे मागेल ते द्यावं.

वरच्या वास्तूंशी तुलना होणारच. तेली मंदिर सुमारे 30 मीटर उंच, पिंपासारख्या अर्धगोल छपराचं, लांबून पाहिलं तरी छाती दडपते. सास-बहूचा लेख 1093 सालचा, कच्छपघात राजा महीपालाचा. नाव सास-बहू असलं तरी देऊळ पद्मनाभ विष्णूचं. दोन्ही चतुर्भुजपेक्षा कितीतरी देखणी. पण तिथे आपण पाहुणे असतो, मान वर करून बघायचं आणि पुढे सरकायचं. चतुर्भुजच्या गाभाऱ्यात चार माणसं उभी राहिली की दाटी होते, आणि अकराशे वर्षांपूर्वीची कलमं नाकापासून हातभर अंतरावर असतात. क्रम लावायचा तर सकाळी किला गेटकडून चढून आधी हे, मग वरची तिकिटाची ठिकाणं, आणि परतताना उरवाईच्या कड्यातल्या जैन मूर्ती. देवळाला तासभर धरा. अर्ध्या तासात लेख सापडेपर्यंत बरोबरची मंडळी कंटाळतात.

उणिवा आहेत. लेखाचा पूर्ण अर्थ मराठी-हिंदीत कलमवार लिहिलेला फलक तिथे हवा. त्याच्याशिवाय दहांतले नऊ जण वर्तुळ बघून निघून जातात आणि माळ्यांच्या पन्नास माळा तशाच राहतात. देवळापाशी पाण्याची सोय धरून चालू नये, बाटली खालूनच भरून घ्यावी. बाकी ठिकाण शांत आहे, आणि गर्दी नसणं हा इथला सर्वांत मोठा फायदा आहे.

पायथ्याचा गूजरी महालही याच फेरीत बसवता येतो. मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला हा महाल, आता संग्रहालय. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या काळात इथे मूर्ती आणि लेख जमा झाले. ग्यारसपूरची शालभंजिका ही नावाजलेली मूर्ती इथेच आहे. उतरल्यावर पाहायचा बेत असेल तर एकच ध्यानात ठेवा: संग्रहालय सोमवारी बंद असतं.